संगणकाची बेगमी

संसारांत जिला बेगमी म्हणतात तिचें महत्त्व आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं घरोघर पापड, सांडगे, कुरडया उन्हांत पडतात. वर्षाचा मसाला कुटून डब्यांत भरला जातो. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून ती फळीवर जाते. पुढें श्रावणांत झड लागली आणि अवचित चार पाहुणे दारांत उभे राहिले, तर त्या वेळीं कोणी पापडाचें पीठ कुटीत बसत नाहीं. डबा काढला कीं काम भागतें. जें काम आधीं होण्यासारखें आहे तें निवांतपणीं आधीं उरकावें, आणि आयत्या वेळेसाठीं आयत्या वेळींच होण्यासारखें तेवढेंच काम ठेवावें, असें हें साधें शहाणपण आहे.

याच्याच जोडीला स्वयंपाकघरांत दुसरें एक शहाणपण नांदत असतें. चकलीसाठीं एक, शेवेसाठीं दुसरा आणि कुरडईसाठीं तिसरा असे तीन सोरे कोणी विकत आणीत नाहीं. सोऱ्या एकच, आंतील चकती तेवढी बदलावयाची. दाबण्याची कृति तीच, हात तोच; पीठ मात्र निराळें आणि निघणारा जिन्नस निराळा.

आधीं करून ठेवणें आणि एकदां केलेलें पुन्हां वापरणें, या दोन गोष्टींवर आजच्या संगणकविद्येचा एक मोठा भाग उभा आहे, असें म्हटलें तर तें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु तें खरें आहे. आणि त्याविषयीं चार शब्द लिहिण्यास एक कारणही घडलें आहे.

कल्याणाहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर टोकावडें हें गांव आहे. त्या बाजूच्या एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, ‘आमचा मुलगा कल्याणास राहून अभियांत्रिकी शिकतो. सुटींत घरीं आला म्हणजे “डी” नांवाच्या कुठल्याशा संगणकभाषेंत दिवसचे दिवस डोकें घालून बसतो. ही शिकून नोकरी लागेल काय, असें विचारलें तर “नोकरीसाठीं नव्हे तात्या, समजण्यासाठीं शिकतों” असें उत्तर मिळतें. हल्लीं तर यंत्रेंच मागाल तो प्रोग्रॅम लिहून देतात म्हणे. मग हा खटाटोप कशासाठीं?’ प्रश्न एका घरचा दिसला तरी तो आज पुष्कळ घरांतला आहे. म्हणून त्याचा विचार येथें जरा सविस्तर करीत आहों.

कामाच्या दोन वेळा

संगणकाच्या यंत्राला आपली भाषा कळत नाहीं. त्याला कळतात ते एक आणि शून्य यांचे संकेत. मनुष्यानें आपल्या सोयीच्या भाषेंत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या संकेतांत उतरवून देणारा जो दुभाषा, त्याला कंपायलर म्हणतात. हा दुभाषा म्हणजे स्वतःही एक प्रोग्रॅमच असतो. खुद्द संगणकाची अंतर्गत व्यवस्था पाहणारे, किंवा विमानें, मोटारी, टेलिफोन यांच्या पोटांत बसून त्यांचें नियमन करणारे, असे यंत्राच्या अगदीं जवळचे प्रोग्रॅम ज्या भाषांत लिहितात त्यांना सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगच्या भाषा असें नांव आहे. १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं घडविलेली ‘सी’ ही त्यांतील सर्वांत नामांकित. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावरून आपल्याकडील कित्येक विद्यार्थ्यांनीं तिचा ओनामा गिरविला आहे. सी प्लस प्लस, डी, रस्ट या तिच्या पुढील पिढीच्या भाषा.

या भाषांत लिहिलेल्या प्रोग्रॅमाच्या आयुष्यांत दोन वेळा येतात. पहिली भाषांतराची, त्या वेळीं प्रोग्रॅम कंपायलरच्या हातांत असतो. दुसरी चालण्याची, त्या वेळीं तो यंत्रांत प्रत्यक्ष काम करीत असतो. भाषांतर एकदांच व्हावयाचें. चालणें मात्र लाखों वेळां, लाखों यंत्रांवर. टोकावड्याकडील भातशेती ज्यांनीं पाहिली असेल त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेथील शेतकरी उन्हाळ्यांत पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून राब भाजतो. मृगाचा पाऊस पडला म्हणजे त्या भाजलेल्या जमिनींत भात पेरतो. आणि रोप वाढल्यावर तें उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत लावतो. भर आषाढांत राब भाजूं म्हटलें तर तो भाजत नाहीं, आणि वैशाखांत लावणी करूं म्हटलें तर ती होत नाहीं. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली आहे. आणि जो उन्हाळ्याचें काम पावसाळ्यावर टाकतो त्याचें वर्ष फुकट जातें.

तेव्हां प्रश्न असा कीं, कोणतें काम भाषांतराच्या वेळीं उरकावें आणि कोणतें चालण्याच्या वेळेसाठीं ठेवावें? याचें उत्तर त्याच सडकेवर थोडें पुढें गेल्यास दगडांतच लिहिलेलें सांपडतें. टोकावड्याच्या पुढें वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची जुनी वाट वर चढते. घाटमाथ्यावरील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांच्या राणीनें यज्ञांचा व दक्षिणेचा वृत्तान्त कोरविला असून त्यांत गाई, घोडे, नाणीं यांचे आंकडे आहेत. भारतांत आढळणाऱ्या अंकलेखनाच्या अगदीं जुन्या नमुन्यांपैकीं ते एक होत. त्याच घाटाच्या तोंडाशीं एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत पडत असे, असें परंपरेनें सांगतात. दान किती दिलें हें कोरण्यापूर्वींच ठरलें होतें, म्हणून तें शिळेवर गेलें. उद्यां घाट चढून किती बैल येतील हें कोणासच ठाऊक नव्हतें, म्हणून त्यासाठीं रांजण ठेवावा लागला. जें आधींच निश्चित आहे तें कोरावें. जें येईल तेव्हांच कळणार त्यासाठीं रांजण मोकळा ठेवावा. कंपायलरच्या वेळच्या कामाचें सारें तत्त्व एवढ्यांत आलें.

पुन्हां वापरण्याची जुनी कला

आतां दुसरी गोष्ट, एकदां लिहिलेलें पुन्हां वापरण्याची. संगणक जन्मास येतांच ही गरज भासूं लागली. १९४९ सालीं केंब्रिज येथें एड्सॅक हें यंत्र सुरू झालें तेव्हां वर्गमूळ काढणें, आंकडे छापणें अशीं तींच तीं कामें प्रत्येक प्रोग्रॅमांत नव्यानें लिहिण्यांत वेळ जाई व नव्या चुकाही शिरत. म्हणून डेव्हिड व्हीलर व त्यांचे सहकारी यांनीं अशा कृतींचे सुटे तुकडे करून त्यांचें एक ग्रंथालयच बनविलें; १९५१ सालीं त्यावर पुस्तकही निघालें. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषीनें असे तुकडे आपोआप निवडून एकत्र जोडणारा प्रोग्रॅम तयार केला, आणि त्याला कंपायलर हें नांव दिलें. या शब्दाचा मूळ अर्थ संकलन करणारा असाच आहे. म्हणजे ज्याला आज आपण दुभाषा म्हणून ओळखतों तो मुळांत ‘पूर्वीं लिहिलेलें गोळा करणारा’ म्हणूनच जन्मास आला. आधीं करणें आणि पुन्हां वापरणें हीं अशीं जुळीं भावंडें आहेत.

आमच्या वाचकांना यासाठीं केंब्रिजपर्यंत जाण्याचीही जरूर नाहीं. पाणिनीची अष्टाध्यायी आठ अध्यायांची, प्रत्येक अध्यायाचे चार पाद, आणि सूत्रें सुमारें ४०००. एवढ्यांत एका प्रचंड भाषेचें व्याकरण बसविलें आहे. व तें ज्या युक्तींमुळें बसलें त्यांतील एक मोठी युक्ति म्हणजे अनुवृत्ति. एका सूत्रांत आलेला शब्द पुढील सूत्रांत लागत असला तरी पुन्हां लिहावयाचा नाहीं. तो वरून खालीं वाहत येतो असें समजावयाचें. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होतें, तेथें ‘पुढें स्वर आला असतां’ अशी अट आहे. तीच अट नयन, पवन यांसारखे शब्द सिद्ध करणाऱ्या पुढच्या सूत्रासही लागते. पण तेथें ती लिहिलेली नाहीं, अनुवृत्तीनें येते. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, असें जें थट्टेनें म्हणतात तें उगीच नव्हे. संगणकभाषांचें व्याकरण लिहिण्याची जी पद्धति बॅकस यांच्या नांवानें चालते, तिला पाणिनीचेंही नांव जोडावें अशी सूचना १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या अमेरिकन गृहस्थांनीं केली होती, हेंही येथें नमूद करण्यासारखें आहे.

परंतु अनुवृत्तीचा अभ्यास ज्यांनीं केला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, तींत अवघड भाग शब्द खालीं आणण्याचा नसून तो कोठें थांबवावयाचा हा आहे. अनुवृत्तीला निवृत्तीची जोड नसेल तर नियम भलत्याच ठिकाणीं लागू होऊन अनर्थ होतो. टीकाकारांनीं पानेंच्या पानें याच निर्णयांत खर्चीं घातलीं आहेत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा मोठा उपयोग आहे.

डी भाषेंतील चार सोयी

डी भाषेचे कर्ते वॉल्टर ब्राइट हे मूळचे यंत्र-अभियंते. बोईंग कंपनींत विमानाच्या यांत्रिक भागांचें काम केल्यावर ते कंपायलर रचण्याकडे वळले. सी आणि सी प्लस प्लस या भाषांचे कंपायलर त्यांनीं स्वतः वर्षानुवर्षें रचले. त्यामुळें त्या भाषांतील खाचखळगे त्यांस पुरे परिचयाचे झाले होते. त्यांची डी भाषा २००१ सालीं लोकांपुढें आली, आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ति २००७ सालीं निघाली. पुढें आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू हे सी प्लस प्लसचे नांवाजलेले जाणकार त्यांना येऊन मिळाले, व २०१० सालीं त्यांनीं या भाषेवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या भाषेच्या आधींची एक मौजेची हकीकत सांगितली पाहिजे. सी प्लस प्लसमध्यें साच्यांची सोय होती ती एकच कृति अनेक प्रकारच्या जिनसांस लागू करतां यावी म्हणून. १९९४ सालीं एर्विन उनरूह या जर्मन तज्ज्ञानें एक असा प्रोग्रॅम दाखविला कीं, तो कधीं चालावयाचाच नसे. त्याचें भाषांतर करूं लागलें म्हणजे कंपायलर चुकांची तक्रार करी, आणि त्या तक्रारींच्या मजकुरांत २, ३, ५, ७ अशा मूळ संख्या ओळीनें येत! म्हणजे कुरकुर करतां करतां दुभाष्यानेंच गणित सोडविलें होतें. साच्यांच्या आड भाषांतराच्या वेळीं वाटेल तें गणित करण्याची शक्ति दडली आहे, हें त्यावरून लोकांच्या ध्यानीं आलें. मात्र ती शक्ति वापरण्याची रीत फार आडवळणाची होती. डी भाषेनें केलें काय, तर ही आडवाट सरळ राजरस्त्यावर आणली.

तिच्यांतील पहिली सोय साच्याची. दोन वस्तूंतील मोठी कोणती हें ठरविण्याची कृति एकदांच लिहावयाची. ती पूर्णांकांस लावा, अपूर्णांकांस लावा, नांवांच्या यादीस लावा. कंपायलर लागेल त्या प्रकारासाठीं तिची वेगळी प्रत स्वतः करून देतो. हाच आपला सोऱ्या. शिवाय साच्याला अट घालतां येते: ज्या वस्तूंची तुलना होऊंच शकत नाहीं त्या या साच्यांत घालूं नयेत, असें साच्यावरच लिहून ठेवतां येतें. पातळ पीठ सोऱ्यांत भरणाऱ्याला सोऱ्यानेंच हटकावें, तसा हा प्रकार.

दुसरी सोय आधींच गणित करून ठेवण्याची. पावकी, निमकी, दिडकी आमच्या पिढीनें लहानपणीं पाठ केली. बाजारांत उभें राहून पावणेचार शेरांचा हिशेब करतांना कोणी बेरजा मांडीत बसत नसे; बालपणीं भरून ठेवलेलें कोष्टक जिभेवर तयार असे. संगणकांतही असेंच. मजकूर एका यंत्रांतून दुसऱ्या यंत्रांत जातांना बिघडला नाहीं ना, हें पाहण्याची एक रीत आहे. तिच्यासाठीं २५६ आंकड्यांचें कोष्टक लागतें. तें हातानें लिहिलें तर एखादा आंकडा चुकण्याची भीति. प्रोग्रॅम चालतांना दर वेळीं तयार करावें तर वेळेचा अपव्यय. डी भाषेंत तें कोष्टक तयार करणारी साधी कृति लिहावी, आणि तिचें उत्तर स्थिर आंकडे म्हणून मागावें, कीं कंपायलर ती कृति भाषांतराच्या वेळींच चालवून तयार कोष्टक प्रोग्रॅमांत बसवितो. विशेष हें कीं, यासाठीं निराळी भाषा शिकावी लागत नाहीं. जी कृति चालण्याच्या वेळीं चालते तीच भाषांतराच्या वेळींही चालते. अर्थात् बाहेरून येणारी माहिती, घड्याळांतील वेळ, माणसानें दाबलेली कळ, या गोष्टी त्या वेळीं उपलब्ध नसतात. पंचांगकर्ता वर्षाच्या तिथि आधीं गणित करून छापतो तें ठीक. पण पंचांगांत पाऊसही लिहिलेला असला तरी टोकावड्याचा शेतकरी आभाळाकडे पाहूनच लावणीला लागतो.

तिसरी सोय निवडीची. एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर चालवावयाचा असेल तर ‘यंत्र अमुक जातीचें असेल तर ही कृति, नाहीं तर ती’ असें लिहावें लागतें. यंत्र कोणत्या जातीचें हें भाषांतराच्या वेळींच ठाऊक असतें. म्हणून ती निवड तेव्हांच होते, आणि नको असलेली कृति अंतिम प्रोग्रॅमांत जातच नाहीं. तिचें ओझें पुढें कोणाला वाहावें लागत नाहीं. याच जातीची दुसरी एक आज्ञा आहे: ‘अमुक गोष्ट खरी नसेल तर भाषांतर येथेंच थांबव.’ तिची थोरवी पुढें कळेल.

चौथी सोय मिक्सिनची. एकच लहानसा कृतिसमूह अनेक ठिकाणीं मिसळावयाचा असेल तर तो एकदां लिहून जेथें लागेल तेथें नुसता घालावयाचा. याला आम्ही विरजणाची उपमा देऊं. विरजण एकच, पण ज्या दुधांत पडेल त्या दुधाचें दहीं होतें. मिसळलेला समूहही ज्या ठिकाणीं पडतो तेथलीं नांवें, तेथल्या वस्तु वापरूं लागतो. याहून पुढची पायरी अशी कीं, प्रोग्रॅमाचा मजकूरच भाषांतराच्या वेळीं अक्षरें जुळवून तयार करावा आणि तो प्रोग्रॅमांत ओतावा. ही शक्ति मोठी आहे, आणि म्हणूनच जपून वापरण्याची आहे. कारण जो मजकूर कोणी हातानें लिहिला नाहीं, त्यांतली चूक शोधणें फार कठीण.

या सोयी आतां एकट्या डी भाषेच्या राहिलेल्या नाहींत. सी प्लस प्लस भाषेनें २०११ सालच्या आवृत्तींत आधीं गणित करण्याची व २०१७ सालच्या आवृत्तींत आधीं निवड करण्याची सरळ रीत स्वीकारली. रस्ट भाषेंत २०१८ च्या अखेरीस अशा कृतींस जागा मिळाली. विद्यार्थी एका भाषेंत जें तत्त्व शिकतो तें त्याला दुसऱ्या भाषेंतही उपयोगी पडतें, तें असें.

साच्याबरोबर अटही उचलावी

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, पुन्हां वापरणें म्हणजे निव्वळ लाभच लाभ. तसें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण उरलें नसतें.

१९९६ सालच्या जूनच्या ४ तारखेस दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामध्यें कूरू येथून युरोपचा आरियान-५ हा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारें चाळीस सेकंदांत तो वाट सोडून वळला, फुटला आणि नष्ट झाला. वर शास्त्रीय संशोधनासाठीं न्यावयाचे चार उपग्रह होते, तेही गेले. मनुष्यहानि झाली नाहीं एवढेंच सुदैव. चौकशी मंडळानें शोधून काढलेलें कारण असें: बाणाची दिशा व गति सांगणाऱ्या यंत्रांतील प्रोग्रॅम आधींच्या आरियान-४ मधून जसाचा तसा उचलला होता. तो ॲडा या भाषेंत लिहिलेला होता, आणि आरियान-४ वर त्यानें उत्तम काम केलें होतें. त्यांत आडव्या वेगाशीं संबंध असलेला एक मोठा आंकडा लहान जागेंत उतरविला जाई. त्या जागेंत ३२७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नव्हती. आरियान-४ च्या मार्गावर तो आंकडा तेवढा वाढणेंच शक्य नव्हतें, म्हणून तेथें पहारा ठेवला नव्हता. आरियान-५ अधिक बलवान. त्याचा आडवा वेग लवकर वाढला, आंकडा मावेना, यंत्र थांबलें. जोडीला दुसरें राखीव यंत्र होतें. पण त्यांतही तोच प्रोग्रॅम, म्हणून तेंही त्याच कारणानें थांबलें. आणि सर्वांत खेदाची गोष्ट ही कीं, जो भाग बिघडला त्या भागाची आरियान-५ ला जमीन सोडल्यानंतर गरजच नव्हती. जुन्या बाणाच्या सोयीसाठीं तो चालूं ठेवलेला होता, तो तसाच नव्यांत आला.

वाचकहो, अनुवृत्ति आली आणि निवृत्ति झाली नाहीं, याचें याहून महाग उदाहरण मिळणें कठीण. साचा उचलला, पण साचा ज्या अटीवर बरोबर होता ती अट मागेंच राहिली. ती कागदपत्रांत कोठें तरी होती, माणसांच्या डोक्यांत होती; प्रोग्रॅमांत नव्हती.

कंपायलरनें हा अपघात टाळला असता काय? वेग हा उड्डाणांतच कळणारा, रांजणांत पडणारा आंकडा आहे. तो दुभाष्यास आधीं कसा कळावा? हें खरें. परंतु नव्या बाणाचा मार्ग आराखड्यांत आधींच आंखलेला होता, आणि त्या मार्गावर वेग कोठवर जाईल हें शिळेवर कोरण्याइतकें निश्चित होतें. ‘या मार्गावरील सर्वांत मोठा आंकडा ३२७६७ च्या आंत असला पाहिजे, नसेल तर भाषांतर थांबव’ अशी एक ओळ त्या साच्याच्या अंगावर लिहिलेली असती आणि नव्या मार्गाचे आंकडे तिच्यापुढें ठेवले असते, तर प्रोग्रॅम कूरूच्या तळावर पोंचण्याऐवजीं टेबलावरच अडला असता. एखाद्या अभियंत्यास दोन दिवस त्रास झाला असता, एवढेंच. या आज्ञेची थोरवी आम्ही म्हटली ती ही.

पवई येथील काम

ही विद्या सर्वस्वी परदेशची, असा समज होऊं नये म्हणून थोडें आपल्याकडील कामाविषयीं. मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें प्रा. धनंजय ढमढेरे यांनीं कंपायलरच्या शास्त्रावर बहुत वर्षें काम केलें, आणि या विषयावर विद्यार्थ्यांसाठीं ग्रंथही लिहिले. त्यांच्या संशोधनाचा एक विषय आमच्या आजच्या विषयास अगदीं लागून आहे. प्रोग्रॅमांत एके ठिकाणीं दोन वाटा येऊन मिळतात; एका वाटेनें येतांना एखादें गणित झालेलें असतें, दुसऱ्या वाटेनें येतांना झालेलें नसतें; आणि मिळाल्यावर तें पुन्हां करावें लागतें. एक सून येतांना आडावरून घागर भरून आली, दुसरी रिकामी आली. म्हणून दोघींनीं पुन्हां आडावर जाण्याचें काय कारण? जी रिकामी येते तिनेंच येतांना भरून आणावी. असें अर्धवट दुबार झालेलें काम कंपायलरनें स्वतः हुडकून काढण्याची रीत १९७९ सालीं मोरेल व रेन्व्हॉइझ या फ्रेंच संशोधकांनीं मांडली; तिच्यांतील उणिवा दूर करून ती व्यवहारांत सुलभ करण्याचें काम प्रा. ढमढेरे यांनीं केलें.

त्यांच्याबरोबर १९९४ सालीं या विश्लेषणाचा एक व्यापक सिद्धान्त मांडणारे प्रा. उदय खेडकर यांनीं पुढें पवईस जी. सी. सी. या कंपायलरच्या अभ्यासाचें केंद्र चालविलें, आणि त्याच्या आंतील रचना विद्यार्थ्यांस उलगडून दाखविणारे वर्ग घेतले. हा कंपायलर जगभर विनामूल्य वापरला जातो; त्याचा सारा मजकूर कोणासही वाचावयास मोकळा आहे. २०१९ पासून डी भाषेचा एक कंपायलरही याच कुटुंबांत दाखल झाला आहे. तेव्हां टोकावड्याकडील घरीं बसून जो विद्यार्थी ही भाषा शिकतो, त्याला लागणारें साधन फुकट आहे. कमी आहे तो वेळ आणि चिकाटी.

शिकणाऱ्यांस दोन शब्द

या मार्गानें जाणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें इतकेंच. पहिल्यानें साधी कृति लिहा. तीच कृति दोनदां, तीनदां लिहावी लागली म्हणजे मग साचा करा. एकाच चकलीसाठीं सोऱ्या घडवीत बसणाऱ्याची चकली दिवाळीनंतरच तळून होते. आधीं करून ठेवण्याची हौसही बेताची असावी. कंपायलरवर फार काम टाकलें तर भाषांतरास वेळ लागतो, त्याला स्मरणजागा पुष्कळ लागते, आणि प्रत्येक प्रकारासाठीं साच्याची वेगळी प्रत निघाल्यामुळें प्रोग्रॅमही फुगतो. त्यांत साच्याच्या पोटांत चूक निघाली म्हणजे कंपायलरची तक्रार पानभर लांब येते. ती वाचण्याचा सराव करावा, घाबरून जाऊं नये. बहुधा तक्रारीच्या पहिल्या व शेवटच्या ओळींतच खरें कारण असतें. आणि जो साचा कराल त्याच्यावर त्याची अट लिहिल्यावांचून तो दुसऱ्याच्या हातीं देऊं नका.

राहतां राहिला यंत्रेंच प्रोग्रॅम लिहून देतात हा आक्षेप. तें खरें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें आज सांगाल तितका मजकूर क्षणांत लिहितात. पण यंत्राला तेंच तें दहा वेळां लिहिण्याचा कंटाळा नाहीं, आणि कंटाळा नाहीं म्हणूनच तें एकदांच लिहावें ही बुद्धि त्याला आपणहून होईलच असें नाहीं. पूर्वीं नक्कल करण्यास निदान श्रम पडत. आतां तेही पडत नाहींत. अशा काळीं कोणता मजकूर कोठून आला, तो कोणत्या अटीवर बरोबर आहे, आणि ती अट येथें लागू आहे कीं नाहीं, हें पाहणारा मनुष्य अधिकच हवा. आरियानच्या वेळीं उणीव लिहिणाऱ्यांची नव्हती. लिहिलेलें चांगलेंच होतें. उणीव होती ती उचलतांना प्रश्न विचारणाऱ्यांची. ‘समजण्यासाठीं शिकतों’ असें जो तरुण म्हणतो तो हीच उणीव भरून काढीत आहे. आणि आमच्या मतें नोकरी देणाऱ्यासही अखेर अशाच मनुष्याची गरज लागते.

आपल्या घरांतून जें जुनें चालत आलें आहे त्याविषयींही हीच दृष्टि ठेवण्यासारखी आहे. वाडवडिलांचे साचे आपण आनंदानें वापरतों, आणि ते वापरावेतच; प्रत्येक पिढीनें सारें नव्यानें घडवूं म्हटलें तर आयुष्य पुरणार नाहीं. मात्र साचा उचलतांना तो कोणत्या काळीं, कोणत्या पिठासाठीं घडला होता, हें विचारण्याची संवय मुलांस लावावी. तें विचारणें हा वडिलांचा अनादर नव्हे. ज्यानें राब भाजून ठेवला त्याच्या श्रमाचें चीज, पुढचा मनुष्य पाऊस पाहून लावणी करतो तेव्हांच होतें.